शाब्बासकी येते, हाक जात नाही

माझ्या आतेभावाच्या फोनमध्ये एक न गेलेला मेसेज पडून आहे. "चार दिवस झाले झोप नाही येऊन राहिली. जगावं नाही वाटत." रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी लिहिलेला. शेजारी लाल खूण, खाली बारीक अक्षरांत सूचना, की मेसेज पाठवता आला नाही. त्याच्या वरचा मेसेज, ज्याला हे उत्तर होतं, तो आदल्या सकाळी आलेला : शाब्बास! आज तंबाखूशिवाय तुमचा नववा दिवस.

तो नागपूरजवळ बुटीबोरीला फिटर आहे, राहायला बेसाला. कारखान्यात आगकाडी चालत नाही म्हणून पाळीत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, आणि गेटबाहेर आलं की सिगारेट, असं वीस वर्षं चाललं. मुलीनं शाळेतून तंबाखूमुक्तीची शपथ घरी आणली आणि बापाला घ्यायला लावली, तेव्हा त्यानं एका कार्यक्रमात नाव नोंदवलं. मिस्ड कॉल द्यायचा, मग रोज मेसेज येतात. कार्यक्रम कोणाचा ते सांगत नाही, कारण गाऱ्हाणं त्या एकापुरतं नाही. पाठवणाऱ्याच्या जागी तिथे नंबर नव्हता, इंग्रजी अक्षरांचं नाव होतं. अशा नावाला उलटा मेसेज जात नाही. बँकेचे, गॅसचे, वीजबिलाचे मेसेज असेच येतात आणि त्यांना कोणी उत्तर द्यायला जात नाही. पण नऊ दिवस रोज सकाळी ज्यानं आपली विचारपूस केली, त्याला माणूस उत्तर देतो. घरातले सगळे झोपलेले असताना रात्री दोनला त्यानं ते दिलं.

मला हे कळलं तीन आठवड्यांनी, तेही फोनमध्ये त्याच्या गाडीच्या विम्याचा कागद शोधताना. तोवर त्यानं खर्रा पुन्हा धरला होता आणि त्या रात्रीबद्दल घरात कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, त्यायले सांगतलं होतं ना मी. पण गेलाच नाही तो."

तेव्हापासून मी एकच गोष्ट जो ऐकेल त्याला सांगत आलो आहे. तंबाखू सोडणाऱ्या माणसाला जो कार्यक्रम रोज मेसेज पाठवतो, त्यानं त्या माणसाचा जीव सांभाळण्याची सोय त्याच मेसेजमध्ये केली पाहिजे. शेवटी एखादा हेल्पलाइन नंबर चिकटवून भागणार नाही. मेसेजला उत्तर जाईल, ते कोणी तरी वाचेल आणि वाचणारा फोन उचलून बोलेल, इतकी ती सोय खरी हवी.

नागपूरच्या महाल भागात माझं औषधाचं दुकान आहे. निकोटीनची २ मिलिग्रॅमची च्युइंगम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, त्यामुळे सोडायला निघालेली माणसं आधी माझ्याकडे येतात. पहिल्या दिवशी उत्साहानं, चौथ्या दिवशी चेहरा पाडून. निकोटीन थांबलं की पहिल्या चोवीस तासांत तगमग सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात वर असते आणि पुरती उतरायला दोन ते चार आठवडे लागतात. चिडचिड, अस्वस्थपणा, भूक वाढणं, कशात लक्ष न लागणं, झोप उडणं, मन खिन्न होणं. धुरातल्या द्रव्यांमुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफीन झपाट्यानं निकालात काढत असतं. सिगारेट बंद झाली की तेच रोजचे कप जास्त चढतात आणि आधीच उडालेली झोप आणखी दूर जाते. हे साधं कारणसुद्धा लोकांना कोणी सांगत नाही. काही मानसिक आजारांवर क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल, तर सिगारेट सुटल्यावर त्या औषधाची रक्तातली पातळीही वाढते. अशा माणसानं डॉक्टरांना सांगूनच सोडलं पाहिजे. (हा परिणाम धुराचा. खर्रा सोडणाऱ्याला तो लागू नाही, म्हणून त्याला उगाच घाबरवू नये.)

बहुतेकांचे हे दोन-चार आठवडे निघून जातात आणि पुढे त्यांना बरंच वाटतं. पण काहींच्या आयुष्यात त्या आठवड्यांच्या खाली आधीच दुसरं काही साचलेलं असतं. माझ्या भावाचं तसंच होतं. वडिलांचं डायलिसिस, त्यापायी काढलेलं कर्ज, ओव्हरटाइम बंद झालेला. तंबाखू सोडल्यामुळे त्याच्या मनात तो विचार आला, असं मी म्हणत नाही. आत्महत्येच्या विचाराला एकच एक कारण क्वचितच असतं. पण वीस वर्षांची सवय, खोटी का होईना, त्याची काठी होती. ती काढून घेतल्यावर तो पडतो का, हे बघायला कोणी हवं होतं.

आता ही सोय मेसेजच्या कार्यक्रमातच का हवी, त्यासाठी वेगळ्या हेल्पलाइन आहेतच की. आहेत. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारनं टेली-मानस सुरू केली. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ती चांगली सोय आहे आणि दुकानाच्या काचेवर मी तो नंबर मोठ्या अक्षरांत लावला आहे. पण माझा भाऊ तिथे फोन करणार नाही. त्याच्यासारखे बहुतेक पुरुष करणार नाहीत. आपल्या शहरात ब्रिटिशांच्या काळापासून मनोरुग्णालय आहे आणि त्याच्या जवळच्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात. ऑटोवाला तसंच विचारतो, आपण तसंच सांगतो. ज्या शहरात पत्ता सांगतानाच हा शब्द तोंडात येतो, तिथे चाळिशीतला फिटर "माझं मन बरं नाही" म्हणून अनोळखी नंबर कसा लावेल?

तंबाखू सोडायला मात्र त्यानं मिस्ड कॉल दिला. त्यात लाज नव्हती, उलट मुलीसमोर अभिमान होता. जो पुरुष मनाच्या डॉक्टरकडे, समुपदेशकाकडे, हेल्पलाइनकडे कधी गेला नसता, त्यानं आपण होऊन आपला नंबर दिला आणि रोज माझ्याशी बोला म्हटलं. आरोग्य खात्याला अशी माणसं एरवी शोधून सापडत नाहीत.

आणि हीच ती माणसं आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. विदर्भ म्हटलं की आपल्याला शेतकरी आठवतो आणि आठवायलाच हवा, पण त्या देशव्यापी आकड्यात दर चारातला एक रोजंदारीवर काम करणारा आहे, आणि जवळजवळ ७२ टक्के पुरुष आहेत. आता तंबाखूचा आकडा बघा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यांतही पुरुष, कष्टकरी पुरुष अधिक. या दोन याद्या एकमेकींत किती मिसळतात हे नेमकं मोजून दाखवायची माझी ऐपत नाही. पण कळमन्याच्या बाजारात पहाटे हमालांच्या घोळक्यात उभं राहिलं, तर ते डोळ्यांना दिसतं.

काही डॉक्टर मित्रांनी माझं हे म्हणणं ऐकून घेतलं आणि एक आक्षेप घेतला, जो मला खरोखर विचार करायला लावणारा वाटला. ते म्हणाले, तंबाखू सोडण्याच्या मेसेजमध्ये आत्महत्येचा उल्लेख आला, की लोकांना वाटेल सोडणंच धोक्याचं आहे. आधीच लोक निमित्त शोधत असतात.

या भीतीला इतिहास आहे. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आहे, सिगारेट सोडायला चांगली मदत करते. ती घेणाऱ्या काहींना नैराश्य आणि आत्महत्येचे विचार आल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकानं तिच्यावर सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. गोळीचं नाव बदनाम झालं. पुढे ८ हजारांहून जास्त लोकांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना मानसिक आजार होता किंवा पूर्वी होऊन गेलेला होता. २०१६ मध्ये निकाल आला. निकोटीनची पट्टी किंवा नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत या गोळीनं गंभीर मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं त्यात दिसलं नाही, आणि त्या वर्षाच्या शेवटी तो इशारा काढण्यात आला. मधल्या सात वर्षांत त्या चौकटीकडे बघून किती जणांनी सोडायचा बेत रद्द केला असेल! म्हणून मित्रांची भीती मी झटकून टाकत नाही.

पण त्याच पुराव्याची दुसरी बाजू आहे. २०१४ मध्ये २६ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, तेव्हा सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, सोडू न शकलेल्यांपेक्षा कमी झालेला आढळला. ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांच्यातही. म्हणजे सोडणं मनाला बरं करतं, फक्त बरं होण्याआधी एक खिंड आहे. ही गोष्ट त्याच क्रमानं सांगता येते : पुढे बरं वाटणार आहे, मधले काही दिवस जड जातील, आणि फारच जड गेले तर आम्ही आहोत. यात इशारा कुठे आहे? बाळंतिणीला आपण सांगतोच ना, की पहिले काही दिवस उगाच रडू येईल, आणि थांबलंच नाही तर सांग. त्यानं कोणी मूल होऊ देणं थांबवलेलं नाही. आणि आत्महत्येबद्दल विचारल्यानं तो विचार मनात पेरला जातो, ही समजूतही अभ्यासांत टिकलेली नाही. सरळ विचारलं तर बहुतेकांना हायसं वाटतं. माझ्या भावाला मी विचारलं तेव्हा तो आधी गप्प झाला आणि मग एक तास बोलत राहिला.

मेसेजनं तंबाखू सुटते का, असंही लोक विचारतात. सुटते, सगळ्यांची नाही. ब्रिटनमध्ये ५,८०० लोकांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०११ मध्ये आला. सोडायला मदत करणारे मेसेज मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के लोक सहा महिन्यांनीही सिगारेटपासून दूर होते, असे मेसेज न मिळालेल्या गटातले ४.९ टक्के. थुंकी तपासून केलेली खात्री होती ती. दहातला एक हा आकडा लहान वाटेल, पण इतक्या स्वस्तात दुप्पट माणसं सुटतात ही मोठी गोष्ट आहे. त्या कार्यक्रमात तलफ आली किंवा घसरण झाली, तर माणसाला ठरलेला शब्द पाठवून लगेच मदतीचा मेसेज मागवता येत होता. म्हणजे उलटं बोलण्याची वाट तिथे तेव्हाच होती. आपल्याकडेही २०१६ पासून आरोग्य मंत्रालयाचा मेसेजचा कार्यक्रम आहे, आणि त्याची कल्पनाच मुळी दुहेरी संवादाची होती. मला त्या दुहेरीपणात आणखी एक शब्द बसवून हवा आहे. तलफेसाठी शब्द आहे, घसरणीसाठी आहे, तसा जड झालेल्या मनासाठी.

आणि थोडासा संपर्कही माणसाला धरून ठेवतो, याला आधार आहे. मनोरुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या लोकांवर सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञांनी एक प्रयोग केला होता. ८४३ जण. त्यातल्या जवळजवळ अर्ध्यांना पाच वर्षं अधूनमधून लहानशी पत्रं गेली : तुमची आठवण आहे, बरं असावं, लिहावंसं वाटलं तर लिहा. कसला आग्रह नाही, कसली मागणी नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या. नंतर जागतिक आरोग्य संघटनेनं पाच शहरांत, त्यात आपलं चेन्नईही होतं, आत्महत्येचा प्रयत्न करून दवाखान्यात आलेल्या १,८६७ लोकांबरोबर काम केलं. एकदा तासभर नीट बोलणं आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. दीड वर्षानं नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येनं गेलेले होते, संपर्कातल्या गटात ०.२ टक्के. सगळ्याच प्रयोगांना असं यश आलेलं नाही, हेही सांगायला हवं. पण या दोन्हींत विचारपूस करणारा माणूस खरा होता आणि उत्तर त्याच्यापर्यंत पोचत होतं.

म्हणून मला नुसता नंबर चिकटवणं पुरत नाही. तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय क्विटलाइन, १८००-११-२३५६, सप्टेंबर २०१८ पासून सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापली जाते. सुरेख कल्पना. तिची ठरलेली वेळ सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी सुट्टी. माझ्या भावानं मेसेज लिहिला तो रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी. टेली-मानस तेव्हा चालू असते, पण मधला दुवा कोणी जोडलेला नाही. तंबाखूच्या मेसेजला आलेलं उत्तर रात्री टेली-मानसच्या समुपदेशकाच्या पडद्यावर दिसलं पाहिजे आणि त्यानं उलट फोन लावला पाहिजे. माणसाला "दुसरा नंबर घ्या" म्हणून सोडून द्यायचं नाही. दिवसा क्विटलाइनवर बोलताना असं काही निघालं, तर समुपदेशकानं पलीकडचा फोन लागेपर्यंत स्वतः लाइनवर थांबायचं. दोन्ही सेवा एकाच मंत्रालयाच्या आहेत. त्यांच्यात भिंत असायचं कारण मला सापडत नाही.

आणि खर्रा! सिगारेटच्या पाकिटावर नंबर आहे, पण नागपूरची तंबाखू पाकिटात असतेच कुठे? पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटतात आणि तीच पन्नी हातात देतात. त्या पन्नीवर चित्र नाही, इशारा नाही, नंबर नाही. राज्यात बंदी आहे, तरी घोटण्याचा आवाज प्रत्येक चौकात आहे. त्याच तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि तोंडानं तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे सगळा कार्यक्रम "धूम्रपान सोडा" म्हणून आखला, तर आपल्या इथला बहुतेक माणूस तो आपल्यासाठी नाही असं समजून मोकळा होईल. मेसेजमध्ये "खर्रा" हा शब्द आला पाहिजे. अधिकाऱ्यांना तो बोलीतला वाटतो म्हणून "धूररहित तंबाखूजन्य पदार्थ" लिहितात. बेसाच्या ठेल्यावर हे कोणी म्हणून दाखवावं.

भाषेचा प्रश्न पुढे आणखी गंभीर होतो. आलेली उत्तरं यंत्रानं चाळायची आणि धोक्याचे शब्द दिसले की माणसाला कळवायचं, अशी पद्धत करता येईल आणि ती करावीच. पण धोक्याचे शब्द कोणते? इंग्रजीतून यादी भाषांतर करून आणली तर त्यात "आत्महत्या" असेल. तो शब्द वर्तमानपत्राचा आहे, रात्री दोनला कोणी तो लिहीत नाही. माझ्या दुकानात वर्षानुवर्षं मी ऐकतो ते असं : कटाळा आला जिंदगीचा. जीव नकोसा झाला. कशातच मन नाही लागून राहिलं. सगळं सोडून निघून जावंसं वाटते. माझ्यामागं यायचं काय होईन. यातलं काही नुसतं बोलणं असतं, आपण सगळेच वैतागात असं म्हणतो. काही बोलणं खरं असतं. फरक ओळखायला इथल्या बोलीत वाढलेलं माणूस लागतं. शिवाय निम्मे लोक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, तेही आपापल्या स्पेलिंगनं. तेव्हा यादी नागपुरात, गोंदियात, यवतमाळात बसून, लोकांशी बोलून करावी लागेल. आपल्या मेडिकल कॉलेजांतल्या मानसोपचार विभागांतले निवासी डॉक्टर आणि समाजकार्याचे विद्यार्थी हे काम उत्तम करू शकतील.

एक तांत्रिक गोष्ट सांगतो, ती मला फार महत्त्वाची वाटते. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरीत ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी सुटी धरतात. त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की अधिकारी म्हणतात मावत नाही, खर्च दुप्पट होतो, आणि काम इंग्रजीवर नाही तर रोमन अक्षरांवर भागवतात. मी बसून लिहून बघितलं. "आज मन जड आहे का? हो असेल तर १ पाठवा. आम्ही फोन करू." मोजून ५१. मावतं, वर जागा उरते.

पण यातलं शेवटचं वाक्य लिहायचं तर ते पाळावं लागेल. विचारायचं आणि उत्तर ऐकायला कोणी ठेवायचं नाही, हे न विचारण्यापेक्षा वाईट आहे. माझा भाऊ त्या रात्री आधीच एकटा होता, आणि त्या लाल खुणेनं त्याला पुन्हा एकदा सांगितलं की तू एकटाच आहेस. म्हणून ज्या कार्यक्रमाकडे फोन करायला माणसं नाहीत, त्यानं आधी माणसं नेमावीत आणि मग हा प्रश्न पाठवावा. तोवर निदान प्रत्येक तिसऱ्या दिवशी १४४१६ हा नंबर आणि "रात्री पण बोलतात" एवढे तीन शब्द तरी जावेत.

फोन एकट्याचा नसतो, हेही लक्षात घ्यावं लागेल. त्याच तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या १६.६ टक्के बायका तोंडानं तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. आपल्याकडे दातांना लावायची नस आहे, गुडाखू आहे, विड्या वळणाऱ्या बायकांच्या हाताला दिवसभर तंबाखूच असते. त्यांच्या घरात फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा. मेसेजमध्ये "तुम्हाला मरावंसं वाटतं का" असं उघड लिहून आलं, तर दुसऱ्याच्या हाती पडून घरात काय होईल सांगता येत नाही. म्हणून शब्द "मन जड" इतकेच मऊ असावेत. पुढचं, सरळ, बोलताना विचारावं, आणि फोन करणाऱ्यानं आधी विचारावं की आत्ता मोकळेपणी बोलता येईल का.

लोकांच्या मनात पोलिसांची भीतीही आहे. "केस होईन" हे मी किती तरी वेळा ऐकलं आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरून चालायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत त्या रूपात राहिलंच नाही. हे वकिलांना माहीत आहे. बेसाच्या फिटरला कोणी सांगितलेलं नाही. तेही ७० अक्षरांत मावेल.

पैशाचं मला समजतं तेवढं सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये देशाचं आत्महत्या प्रतिबंधाचं धोरण जाहीर झालं, २०३० पर्यंत आत्महत्येनं होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे असं त्यात म्हटलं आहे. त्यासाठी नवीन इमारत बांधायच्या आधी, चालू असलेल्या मेसेजला एक परतीची वाट करून देणं स्वस्त पडेल. जिल्ह्याच्या तंबाखू नियंत्रण कक्षाचे लोक आणि मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक बहुधा एकाच आवारात बसतात. त्यांनी महिन्यातून एकदा एका टेबलावर बसून, कोणाचं उत्तर आलं, कोणाला फोन गेला, कोणाला गेला नाही, एवढं बघितलं तरी सुरुवात होईल.

माझ्या भावानं पाच महिन्यांनी पुन्हा सोडायचं ठरवलं. या वेळी आधी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं, मी बरोबर बसलो. झोपेचं आणि नैराश्याचं बघितलं गेलं, च्युइंगम माझ्या दुकानातून. मेसेज याही वेळी येत होते, तसेच, उत्तर न घेणारे. मग आम्ही दोघांनी ठरवलं की रोज रात्री नऊला मी त्याला "कसं आहे?" एवढंच पाठवायचं, आणि त्यानं दोनच उत्तरांपैकी एक द्यायचं : "बरं आहे" किंवा "नाही बरं". कारण सांगायचं नाही, लाजायचं नाही.

बारा दिवस "बरं आहे" आलं. कधी नऊ वाजून पाच मिनिटांनी, कधी अकराला, पाळी सुटल्यावर. तेराव्या दिवशी साडेनऊला "नाही बरं" आलं. मी शटर ओढलं आणि स्कूटर काढली. पोचलो तर तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता, दुसरी खुर्ची समोर मांडून ठेवलेली. त्याच्या बायकोनं चहा केला, माझ्यासाठी नेहमीचा आणि त्याच्यासाठी अर्धा कप, कारण कॅफीनचं तिला मी सांगून ठेवलं होतं. तो कर्जाचं बोलला, बापाचं बोलला, पोरीच्या शाळेचं बोलला. मध्येच म्हणाला, "आता या टायमाले खर्रा पाहिजे होता." एक वाजता मी निघालो, तेव्हा तो गेटपर्यंत आला आणि उद्या नऊला विसरू नको म्हणाला.